‘पण तुम्हाला तर दिसतं ना?’ : रुग्णालयांच्या प्रशासकांना खुलं पत्र

प्रति,
रुग्णालयांचे प्रशासक, वैद्यकीय अधीक्षक आणि दारावरच्या पाट्यांचा मजकूर ठरवणारे सर्वजण,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रुग्णालयाच्या दारात मला अडवलं. मानसोपचार विभागात माझी आधीपासून घेतलेली वेळ होती. सोबत माझी सर्व्हिस डॉग होती, म्हणजे माझ्या आजारात मला मदत करायला खास शिकवलेली कुत्री. तिचं नाव मुंगी. वजन २८ किलो, जात लॅब्रेडॉर, रंग काळा. नाव मी ठेवलेलं नाही, ती प्रशिक्षकांकडून नाव घेऊनच आली.

दारावरच्या सुरक्षारक्षकांनी आधी पाटीकडे बोट दाखवलं : ‘पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही’. मी म्हटलं, ही सर्व्हिस डॉग आहे, मला तिची गरज असते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. हातात काठी नाही, डोळ्यांवर काळा चष्मा नाही, चालणं सरळ. ते गृहस्थ उद्धट नव्हते, खरोखर गोंधळले होते. म्हणाले, ‘‘पण तुम्हाला तर दिसतं ना?’’

दिसतं. व्यवस्थित दिसतं. मागे थांबलेली सहा-सात माणसं दिसत होती, त्यांतल्या एकीने मोबाइल वर केलेलाही दिसला. ‘मग कशासाठी लागतो कुत्रा?’ हा पुढचा प्रश्न आला आणि त्याच सुमारास माझा उजवा हात डाव्या मनगटावर गेला असणार. असणार म्हणते, कारण ते मला कळत नाही. मुंगीला कळलं. तिने नाक माझ्या हाताखाली घालून हात वर उचलला. हात पुन्हा तिथेच गेला, तेव्हा तिने पंजा माझ्या मांडीवर मारला. सुरक्षारक्षक दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, ‘‘बघा, अंगावर चढतेय. शिस्त नाही हिला.’’

तिथे त्या क्षणी दारावर एकटी तीच आपलं काम चोख करत होती. हे मला तेव्हा सांगता आलं नाही. अशा वेळी माझे शब्दच जातात, तोंड उघडतं आणि आवाज येत नाही. आम्ही परत फिरलो. जे तेव्हा बोलायचं होतं ते आता लिहिते आहे. त्या रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण हेच दुसऱ्या कुठल्याही दारात घडलं असतं. पाटी सगळीकडे तीच असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. मला नेमका कोणता आजार आहे आणि तो कशामुळे झाला, हे या पत्रात येणार नाही. आढेवेढे घेत नाहीये. मधुमेही माणसाला रांगेतल्या अनोळखी लोकांसमोर रक्तातली साखर सांगावी लागत नाही, तसंच हे आहे. माझा आजार माझ्या डॉक्टरांना माहीत आहे. दारावर माहीत व्हायला हवं ते एवढंच, की मुंगी काय काम करते आणि ते करताना नीट वागते की नाही. ते मात्र मी तपशिलात सांगते.

मनगटाचंच घ्या. ताण चढला की मी नखाने कातडी खरवडते. पूर्वी रक्त आलं की कळायचं, कधी घरी येऊन बाही वर केल्यावर कळायचं. मुंगीला शिकवलेलं आहे ते असं : हात मनगटाकडे गेला की नाकाने उचलायचा. नाही थांबला, तर पंजा. तरीही नाही थांबला, तर मी बसलेली असेन तेव्हा पुढचे दोन्ही पाय मांडीवर ठेवून सगळा भार टाकायचा, मी तिच्या मानेवर हात ठेवेपर्यंत. तीन पायऱ्या आहेत. दारात ती दुसऱ्या पायरीवर होती. तिसरीवर गेली असती तर तुमच्या रक्षकांनी बहुधा काठीच उगारली असती.

रात्रीचं काम तर कोणालाच दिसत नाही. स्वप्न सुरू झालं की माझे पाय झटके देतात, श्वास बदलतो. मुंगी तिच्या चटईवरून उठते. ती थेट अंगावर उडी घेत नाही. भेदरून जागं होणारं माणूस हात उगारतं, म्हणून तिला आधी गादीची कड नाकाने ढकलायला शिकवलंय. मग ती पांघरूण ओढते. तेवढ्याने भागलं नाही तर भिंतीवरचं बटण नाकाने दाबून दिवा लावते. त्या बटणावर रोज पुसूनही एक ओलसर डाग असतोच. दिवा लागला की खोली पुन्हा खोली होते : खुर्ची, खुर्चीवरचा टॉवेल, अर्धा प्यायलेला पाण्याचा पेला. मी उठून बसले की ती माझ्या पायांवर आडवी पसरते आणि हलत नाही. ही मुंगी २८ किलोंची आहे, हे तेव्हा समजतं. तिचं वजन हेच तेव्हा तिचं काम असतं. प्रशिक्षक याला ‘डीप प्रेशर’ म्हणतात. शरीर इथे आहे, आत्ता आहे, हे डोक्याला पटायला काही जणांना बोलण्यापेक्षा भार जास्त उपयोगी पडतो.

मग मी ‘बघून ये’ म्हणते. ती घरातल्या सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारून येते. पूर्वी ही चक्कर मी मारायचे, रात्रीत नऊ-दहा वेळा, प्रत्येक दार, प्रत्येक पडदा. आता तिची एक चक्कर पुरते. रोज पुरते असं नाही, पण बहुतेक रात्री.

इतरांचे कुत्रे इतर कामं करतात. ज्यांना तिथे नसलेली माणसं दिसतात, त्यांच्या कुत्र्याला ‘जाऊन भेट’ एवढं शिकवलेलं असतं. समोर खरंच कोणी असेल तर तो शेपटी हलवत त्याच्याकडे जातो. नसेल तर गोंधळून इकडेतिकडे बघतो आणि मालकाकडे परत येतो. एवढ्यावर त्या माणसाला ठरवता येतं की समोरच्या खुर्चीशी बोलायचं की नाही. गर्दीत काही जणांचं भान सुटतं, आपण कुठे आहोत हे समजेनासं होतं. त्यांचा कुत्रा त्यांना बाहेरच्या दाराशी किंवा जवळच्या बाकाशी नेतो. औषधाचा गजर वाजला की गोळ्यांची पिशवी तोंडात धरून आणतो, आणि पलंगावरून न उठणाऱ्या माणसाच्या छातीवर ती टाकून तिथेच बसतो. निराशेच्या खोल गर्तेत असलेल्या माणसाला गोळी घ्यायची आठवण असते, पण हात उचलायची ताकद नसते. ज्याने ते दिवस काढलेत त्याला या पिशवीची किंमत सांगावी लागत नाही.

रांगेत पाठीमागे कोणी चिकटून उभं राहिलं की मुंगी माझ्या मागे आडवी उभी राहते, हातभर जागा मोकळी ठेवते. ती गुरगुरत नाही, दात दाखवत नाही. राखण करणं हे सर्व्हिस डॉगचं काम नव्हे, आणि चांगला प्रशिक्षक ते कधीच शिकवत नाही. तिच्या मागच्या माणसाला बहुतेकदा पत्ताही लागत नाही की त्याला थोडं मागे सरकवलं गेलंय.

आता शब्दांचा गोंधळ. कागदोपत्री तिला ‘सेवाश्वान’ म्हणतात. हा शब्द ऐकला की मला हार घातलेला, सत्काराच्या खुर्चीवर बसलेला कुत्रा दिसतो, म्हणून मी सर्व्हिस डॉगच म्हणते. पण फरक महत्त्वाचा आहे आणि तो आमच्या बाजूची माणसंही पुष्कळदा धूसर करतात. घरातला लाडका कुत्रा जवळ बसला की बरं वाटतं. ते खरं आहे आणि त्याला भावनिक आधाराचा प्राणी म्हणतात. एखादा शांत स्वभावाचा कुत्रा वॉर्डात फिरवून अनेक रुग्णांना भेटवतात, तो थेरपी डॉग. तो तुमच्यापैकी काहींच्या रुग्णालयात येतही असेल, फोटोही काढले जात असतील. सर्व्हिस डॉग एकाच माणसासाठी असतो आणि त्या माणसाच्या अपंगत्वाशी थेट जोडलेलं ठरावीक काम शिकलेला असतो.

ही रेघ अमेरिकेच्या अपंगत्व कायद्याने फार नेमकी ओढली आहे. कायदा १९९० चा. त्याचे सुधारित नियम १५ मार्च २०११ पासून लागू झाले आणि त्यांत मानसिक अपंगत्वासाठी काम करणारे कुत्रे स्पष्टपणे धरले गेले. चिंतेचा झटका येतोय हे ओळखून तो टाळायला किंवा सौम्य करायला कुत्रा शिकवलेली कृती करत असेल, तर तो सर्व्हिस डॉग. नुसत्या त्याच्या असण्याने बरं वाटत असेल, तर या कायद्यापुरता नाही. ही रेघ मला आवडते. ती कुत्र्याचं काम बघते आणि माणसाला त्याच्या दुःखाचा पुरावा मागत नाही.

त्याच नियमांप्रमाणे, गरज उघड दिसत नसेल तेव्हा दारावरच्या कर्मचाऱ्याने दोनच प्रश्न विचारायचे असतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का? आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? आजाराचं नाव विचारायचं नाही, कागद मागायचे नाहीत, ‘करून दाखवा’ म्हणायचं नाही. त्या दिवशी मला हे दोन प्रश्न विचारले असते, तर पहिल्याला ‘हो’ म्हणायला मला आवाज सापडला असता. दुसऱ्याचं उत्तर मी एका लहान कार्डावर लिहून ठेवलेलं असतं. ‘कशासाठी लागतो कुत्रा?’ हा तिसराच प्रश्न आहे. त्याला उत्तर द्यायचं तर माझं सगळं आयुष्य रांगेसमोर उलगडावं लागतं.

दुसरी बाजूही त्याच नियमांत आहे आणि ती मला तितकीच पटते. कुत्रा आवरत नसेल आणि मालक त्याला आवरायला काही करत नसेल, किंवा त्याने आत घाण केली, तर त्याला बाहेर काढता येतं. अंगावर ‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेलं जॅकेट असो वा नसो. माणसाला मात्र कुत्र्याविना आत येऊन आपलं काम करू द्यायचं. म्हणजे निवाडा वागण्यावर. मुंगी कोणावर भुंकली, कोणाच्या पिशवीत तोंड घातलं, बाकावर चढून बसली, तर मला खुशाल बाहेर जायला सांगा. मी वाद घालणार नाही, मीच तिला घेऊन निघेन.

रुग्णालयांचाही या नियमांत वेगळा विचार आहे. रुग्णाची खोली, बाह्यरुग्ण विभाग, तपासणीची खोली, उपाहारगृह इथे सर्व्हिस डॉगला सहसा अडवायचं नाही. शस्त्रक्रियागृह आणि जळीत विभाग अशा, निर्जंतुक वातावरण राखावं लागतं त्या जागी अडवणं योग्य ठरू शकतं. मला वाटतं यात वादाला फारशी जागा नाही. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेरचा तो लांब बाक शस्त्रक्रियागृह नव्हे. त्याच्यावर बुटांसकट पाय घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

‘पण तुम्हाला तर दिसतं ना?’ या प्रश्नाकडे परत येते, कारण त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. अंध माणसांसाठी कुत्रे तयार करणारी पहिली शाळा १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डनबुर्ग गावी निघाली, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी. गेरहार्ड श्टालिंग या डॉक्टरांनी ती काढली. १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक हा अंध तरुण स्वित्झर्लंडमधून बडी नावाची कुत्री घेऊन अमेरिकेत परतला आणि बातमीदारांसमोर न्यूयॉर्कचा वाहता रस्ता तिच्यासोबत ओलांडून दाखवला. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, तिथली पहिली मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा उभी राहिली. रस्ता ओलांडणं एका दिवसात जमलं. बडीला हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत शिरू द्यावं, यासाठी फ्रँकला कित्येक वर्षं दारोदार फिरावं लागलं. आज अंध माणसासोबतचा कुत्रा ओळखू येतो, तो त्या फिरण्यामुळे.

आमची तशी ओळख अजून व्हायची आहे. त्यातही मनाच्या आजाराला वेगळी वागणूक मिळतेच. अमेरिकेतल्या विमान प्रवासाचे नियमच बघा. २०२० च्या अखेरीपर्यंत अंध प्रवाशाच्या कुत्र्याला एक नियम होता. मानसिक आजार असलेल्या प्रवाशाच्या, तितक्याच शिकलेल्या कुत्र्यासाठी मात्र विमान कंपनी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आणि ४८ तास आधी सूचना मागू शकत होती. डिसेंबर २०२० मध्ये तो भेद काढला गेला. त्याच फटक्यात भावनिक आधाराचे प्राणी सर्व्हिस डॉगच्या यादीतून बाहेर गेले. त्यावर पुष्कळ आरडाओरडा झाला. मला स्वतःला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात.

कारण खोटं जॅकेट घातलेले कुत्रे आम्हालाच सर्वांत जास्त महागात पडतात. इंटरनेटवर पैसे भरून ‘प्रमाणपत्र’ मिळतं, छापील ओळखपत्र मिळतं, चकचकीत जॅकेट मिळतं. त्या कागदाने कुत्र्याला काहीच शिकवलेलं नसतं. असा एक कुत्रा एखाद्या वॉर्डात कोणाला चावला की पुढची दहा वर्षं तिथल्या प्रत्येक रक्षकाला मुंगीतही तोच दिसणार. म्हणून कागद मागण्याचा आग्रह मला उलटा वाटतो. कागद खोट्याकडे आधी असतो. वागणूक विकत मिळत नाही, आणि ती तपासायला दोन मिनिटं पुरतात : कुत्रा मालकाच्या बाजूला शांत उभा आहे का, लक्ष मालकाकडे आहे का, खाली पडलेला बिस्किटाचा तुकडा तो सोडून देतो का.

तो तुकडा सोडून द्यायला शिकवायला किती वेळ लागतो, ते ऐकाल तर हसाल. पूर्ण प्रशिक्षणाला साधारण दीड ते दोन वर्षं जातात. पिल्लू असल्यापासून त्याला जिने, सरकते दरवाजे, ट्रॉल्यांचा खडखडाट, रडणारी मुलं, फटाक्यांसारखे आवाज यांची सवय लावतात. मग आज्ञापालन, आणि त्यानंतर त्या एका माणसासाठीची कामं. बरेचसे कुत्रे मधेच गळतात. कोणी आवाजाला दचकतो, कोणी फारच खेळकर, कोणाच्या खुब्यात दोष निघतो. ते चांगल्या घरी जातात आणि सुखात लोळतात. मुंगीची सख्खी बहीण अशीच गळली. कारण असं कळलं की तिला माणसांपेक्षा कबुतरांत जास्त रस होता.

आता, हे सगळं खरंच उपयोगी पडतं का? तुम्ही डॉक्टर मंडळी हे विचारणारच, आणि विचारायलाच हवं. माझ्या मनगटावरून काही सिद्ध होत नाही.

कुत्र्याला ताण कळतो का, याचं उत्तर आता बऱ्यापैकी मिळालं आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२ मध्ये ३६ माणसांना अवघड तोंडी गणितं घालून त्यांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने घेतले, गणिताआधीचे आणि नंतरचे. चार कुत्र्यांनी ताणाचा नमुना ९३.७५ टक्के वेळा बरोबर ओळखला. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात २०२४ मध्ये याच्या पुढचं पाऊल पडलं. जुन्या आघाताची आठवण करून दिल्यावर माणसाच्या श्वासात होणारा बदल हुंगता येतो का, हे तपासलं गेलं. २५ कुत्र्यांपासून सुरुवात झाली, पण शेवटपर्यंत टिकण्याइतकी चिकाटी आणि कसब दोघींनाच होतं, आयव्ही आणि कॅली. शांत आणि तणावातल्या नमुन्यांची जोडी समोर ठेवली की त्या दोघी सुमारे ९० टक्के वेळा बरोबर निवड करत. दारात माझा हात मनगटाकडे वळण्याआधीच मुंगीचे कान का हलतात, याचा अंदाज यावरून मला येतो.

माणसाला फायदा होतो का, हा जास्त अवघड प्रश्न. यावरचं बरंचसं संशोधन पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर तणावाचा विकार असलेल्या माजी सैनिकांवर झालं आहे. अमेरिकेतल्या १५६ आजी-माजी सैनिकांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ८१ जणांना सर्व्हिस डॉग मिळाला होता, ७५ जण प्रतीक्षायादीत होते, आणि दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालूच होते. तीन महिन्यांनी, कोणाकडे कुत्रा आहे हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी तपासलं, तेव्हा कुत्रा असलेल्यांत पीटीएसडीचं निदान कायम असण्याचं संभाव्यता-गुणोत्तर (निदान कायम असलेल्यांचं, ते नसलेल्यांशी प्रमाण) ६६ टक्क्यांनी कमी निघालं. चिंता आणि नैराश्यही कमी होतं. मात्र कोणाला आधी कुत्रा मिळणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. तेवढी सावधगिरी हा आकडा वाचताना ठेवायला हवी.

चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास त्याच देशाच्या माजी सैनिक खात्याने केला. त्यात १८१ जणांना कुत्रे दिले, ९७ जणांना सर्व्हिस डॉग आणि ८४ जणांना भावनिक आधाराचा कुत्रा, आणि दीड वर्ष पाहिलं. रोजच्या जगण्यातल्या एकूण अडचणींत दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. पीटीएसडीची लक्षणं सर्व्हिस डॉगवाल्यांत थोडी जास्त उतरली, आणि दीड वर्षाच्या शेवटी आत्महत्येचे विचारही त्यांच्यात कमी आढळले. फरक मोठा नाही. पण आत्महत्येच्या विचारांबाबत ‘थोडा’ फरक म्हणजे काय, हे मानसोपचार विभागातल्या माणसांना मी समजावून सांगणं बरं दिसणार नाही.

मुंगी औषध नाही. मी गोळ्या घेते, दर पंधरवड्याला समुपदेशन घेते. त्या दिवशी तुमच्याकडे येत होते ती त्यासाठीच. कुत्रा मिळाला म्हणून कोणी गोळ्या बंद करत असेल तर त्याला मी चार शब्द सुनवेन. आणि हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. कुत्र्याला पाऊस असो, ताप असो, दिवसातून तीन-चार वेळा बाहेर न्यावं लागतं. त्याचं आजारपण निघतं. तो दहा-अकरा वर्षांचा झाला की निवृत्त होतो आणि एक दिवस जातो, आणि आधीच ढासळलेल्या माणसाला ते पेलावं लागतं. शिवाय कुत्रा सोबत असला की चारचौघांचं लक्ष जातं. ज्याला नजरा सोसवत नाहीत त्याचा त्रास त्याने वाढूही शकतो. पहिले चार महिने मी मुंगीला घेऊन बाहेर जायचं टाळत होते, यातला विनोद मला तेव्हा कळत नव्हता. माझ्या बाबतीत ती नेमकी उलटी गोष्ट करून गेली : लोक तिच्याकडे बघू लागले आणि माझ्याकडे बघायचे थांबले.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. त्याच बाकावर कुत्र्याची भीती असलेला रुग्ण बसलेला असू शकतो, आणि त्याची भीतीही आजारच आहे, माझ्याइतकीच खरी. कोणाला ॲलर्जी असते. अशा वेळी दोघांना दोन टोकांना बसवा, एकाला आधी आत घ्या, आम्हाला व्हरांड्यात थांबवून नाव पुकारा. मी थांबेन. लसीकरणाची वही माझ्या पिशवीत असते आणि ती दाखवायला माझी हरकत नाही. कुत्र्याच्या आरोग्याची चौकशी आणि माझ्या आजाराची चौकशी यांत मला फरक दिसतो. एका रुग्णाची सोय आणि दुसऱ्याची सोय यांचा मेळ तुम्ही दिवसभर घालत असता, संसर्गाच्या रुग्णापासून बाळंतिणीपर्यंत. हा त्यातलाच एक प्रकार आहे.

माझी मागणी मोठी नाही. पाटीवर एक ओळ वाढवा : ‘सर्व्हिस डॉगला प्रवेश आहे’. अंध, अपंग, मानसिक अशी फोड करू नका, नाहीतर दारावर पुन्हा ‘यांपैकी तुम्ही कोण?’ सुरू होईल. कुठल्या विभागात कुत्रा येऊ शकत नाही ते संसर्ग-नियंत्रण समितीकडून एकदा ठरवून घ्या आणि लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी रक्षकाच्या मर्जीवर राहणार नाही. आणि रक्षकांना तास-दोन तास शिकवा. दोन प्रश्न कोणते, कोणत्या वागण्यावर बाहेर काढायचं, आणि काम करणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही, च्यक् च्यक् करायचं नाही, हे सगळं एका दुपारी होईल. त्या दिवशीच्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांच्या हातात कोणी पाटीखेरीज काही दिलंच नव्हतं. कुत्रा आत सोडला म्हणून बोलणी त्यांनी खायची, नाही सोडला म्हणून माझं पत्रही त्यांनीच खायचं, हा न्याय नव्हे.

त्यांना एवढं मात्र कोणीतरी सांगा, की कुत्रा मालकाला ढोसतो, पंजा मारतो, अंगावर भार टाकतो, तेव्हा आधी मालकाकडे बघायचं. तो माणूस पांढरा पडला असेल, त्याचं बोलणं तुटत असेल. अशा वेळी पाण्याचा एक पेला आणि बसायला खुर्ची द्यावी. प्रश्न नंतर विचारता येतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, २००६ सालच्या, अपंगत्वाच्या व्याख्येत ‘मानसिक’ हा शब्द शारीरिक शब्दाच्या शेजारीच बसलेला आहे. पायरीशेजारी उतार बांधताना तुम्ही चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला ‘नेमका कधीपासून चालता येत नाही?’ असं विचारत नाही. उतार असतो, तो वर येतो.

माझी बुडालेली वेळ मला पुन्हा मिळाली आहे, या महिन्याच्या अखेरीस, सकाळच्या सत्रात. आम्ही दोघी येऊ. मुंगीसाठी पाणी आणि वाटी मी आणते, पुसायला फडकंही आणते. ती बाकाखाली, माझ्या टाचांना पाठ लावून झोपते आणि तिची शेपटी थोडी बाहेर येते. ये-जा करणाऱ्यांनी तेवढी सांभाळावी.

कळावे,
आपली,
मानसोपचार विभागाची एक रुग्ण